तारेचे तीन वेढे

आमच्या जमिनीवर एकही झाड नाही, हे सिद्ध करायला मला सात महिने लागले.

आता तुम्ही म्हणाल, नसलेली गोष्ट सिद्ध कशाला करायची? तर नवीन जंगल लावणाऱ्या जमीनमालकाला सरकार अनुदान देतं, आणि जंगल नवीन असायचं तर आधी तिथं ते नसायला हवं. म्हणून अर्जाला वृक्षहीनतेचा दाखला जोडायचा. मला ह्यात काही वावगं वाटलं नाही. चौतीस वर्षं मी सरकारी अभिलेखागारात काढली आहेत. जुने कागद सांभाळणं हे माझं काम, आणि माझ्या हातून एक कागद कधी गहाळ झाला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. निरोपसमारंभात आमच्या साहेबांनीच तसं सांगितलं आणि त्या भाषणाची प्रत माझ्याकडे आहे. तेव्हा नियमांचा मला कधी त्रास होत नाही. त्रास होतो तो नियम नीट न वाचणाऱ्या माणसांचा.

दाखल्याच्या खिडकीत बसणाऱ्या गृहस्थांना सगळे 'परत या' म्हणत, कारण त्यांच्या तोंडून दुसरं काही फारसं निघत नसे. त्यांचं म्हणणं असं की, जे आहे त्याचा दाखला देता येतो, जे नाही त्याचा देण्याची तरतूद नाही. जमिनीवर एखादं झाड असतं तर 'एक झाड' असा दाखला त्यांनी उभ्या उभ्या दिला असता. मी म्हटलं, मग एक लावू का? ते म्हणाले, लावा, पण मग जमीन वृक्षहीन राहणार नाही. त्यांनी माझा अर्ज उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. मग ते म्हणाले, परत या.

शेवटी असं ठरलं की अर्जदाराने रिकाम्या जमिनीवर उभं राहून फोटो काढून घ्यावा. मी स्टुडिओवाल्याला घेऊन गेलो. तो मला हसायला सांगत होता. सरकारी कागदावर हसायची पद्धत नाही, हे त्याला समजावण्यात अर्धा तास गेला. फोटो उत्तम आला. पंधरा दिवसांनी त्यावर शेरा आला, 'डाव्या कोपऱ्यात सावली दिसते. ती कोणत्या वृक्षाची आहे याचा खुलासा करावा.' ती सावली स्टुडिओवाल्याची होती. मी तसा खुलासा केला, तर आपण वृक्ष नसल्याचं स्टुडिओवाल्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं गेलं. तो भडकला. अखेर भर दुपारी बाराच्या ठोक्याला, सावली पायाखाली असताना दुसरा फोटो काढला. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत, पण त्याला कुणी हरकत घेतली नाही.

जमिनीचं सांगायचं राहिलं. वडिलांकडून आलेला दीड-दोन एकरांचा तुकडा, गावाबाहेर, अर्धा सपाट आणि अर्धा चढाचा. एका गुदामवाल्याला तो हवा होता. आणि माझ्या बायकोला हवं होतं तळमजल्यावरचं घर.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. चोपन्न पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. बायकोचे गुडघे गेली सहा वर्षं कुरकुरतात. ती प्रत्येक वळणावर पिशवी खाली ठेवते, कठडा धरून उभी राहते, मग पुढच्या पायऱ्या चढते. मी आपला पुढे जाऊन दार उघडून वाट बघत उभा राहतो. जमीन विकली तर बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर येत होतं, आणि त्याला पायरी एकच होती. तिने ती पायरी चढून-उतरून पाहिली होती. मी जंगलाचं काढलं तेव्हा तिने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "तीन वर्षं देते. तीन वर्षांनी तुमचं जंगल मोजणीत बसलं तर बसलं. नाही बसलं तर जमीन विकायची. आणि मग मी ह्या पायऱ्या चढणार नाही."

मी कबूल झालो. योजनेची अटही तशीच होती. सहाशे रोपं लावायची आणि तिसऱ्या वर्षी त्यातली शेकड्याला सत्तर जगलेली दिसली पाहिजेत. तेवढी जगली तर अनुदान पक्कं, आणि जमीन वीस वर्षं जंगलासाठी बांधलेली. कमी भरली तर सगळं रद्द.

ह्या गुडघ्यांवर खरं म्हणजे आणखी एक उपाय होता. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक विधुर गृहस्थ राहतात. त्यांना आम्ही घड्याळजी म्हणतो. त्यांच्या खोलीत दिवसाही उजेड पुरत नाही, आणि घड्याळाचे स्क्रू तर मुंगीएवढे. त्यांनी मला दोनदा सुचवलं होतं की आपण घरं बदलू या. मी दोन्ही वेळा विषय बदलला. आमच्या दारावर पितळी पाटी आहे, माझं नाव आणि खाली 'निवृत्त अभिलेखपाल'. ती तिसऱ्या मजल्यावरून उतरवून पाण्याच्या टाकीसमोर लावायची, लोकांनी काय समजायचं? माणूस निवृत्त झाला म्हणून लगेच तळमजल्यावर येतो का? असं मला तेव्हा वाटत होतं. जे वाटत होतं ते सांगतो आहे.

जंगलाची बातमी इमारतीत पसरायला एक दिवस पुरला. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर वर आले आणि रोपांमध्ये किती अंतर ठेवावं ह्यावर तासभर बोलले. त्यांच्या मते दोन रोपांमध्ये गार्ड उभा राहील एवढी जागा हवी. कुठला गार्ड, ते मी विचारलं नाही. पहिल्या मजल्यावरचे डॉक्टर साखरेच्या गोळ्या देतात. त्यांनी रोपांसाठी एक बाटली दिली आणि वर बजावलं की रोपांच्या आसपास कांदा ठेवू नका. दोघांनीही आयुष्यात कुंडी सोडून कशात काही लावलं नव्हतं. मीही लावलं नव्हतं, पण मी निदान परिपत्रक वाचलं होतं.

परिपत्रकात एक वाक्य होतं, 'प्रत्येक रोपापाशी अनुक्रमांक असावा व तो मोजणीच्या वेळी दाखवता यावा.' हे वाक्य वाचलं आणि माझं अंग शहारलं. बाकी सगळं, म्हणजे खड्डे, माती, खत, ही इतरांची विद्या. क्रमांक ही माझी. मी पत्रेवाल्याकडून सहाशे बिल्ले कापून घेतले. प्रत्येकावर ठोकून आकडा उमटवला. रजिस्टर आखलं. राहिला प्रश्न बिल्ला बांधायचा कशाने. दोरा कुजतो, सुतळी गुरं खातात. तार टिकते. मी जस्ताची बारीक तार आणली, एक नवी पक्कड घेतली आणि प्रत्येक रोपाच्या खोडाला बिल्ला बांधला. तारेचे तीन वेढे, शेवटी पक्कडीने पीळ. अभिलेखागारात गठ्ठे बांधायची माझी पद्धत हीच. सैल गठ्ठ्यातून कागद निसटतो.

बायको रोप धरून बसली होती. ती म्हणाली, "इतकं आवळायचं?"

मी तिला सैल गठ्ठ्यांबद्दल सांगितलं. तिने पुढचं रोप धरलं.

सहाशेपैकी पाचशे नव्व्याण्णव बिल्ले बांधून झाले आणि शेवटच्यासाठी मागे सरकताना मी खड्ड्यात पडलो. खड्डा माझाच होता, परिपत्रकाप्रमाणे बरोबर दोन फूट. घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, आणि पुढे डॉक्टरांनी (हाडांच्या, साखरेच्या गोळ्यांच्या नव्हे) ओबडधोबड जमिनीवर चालायला वर्षभर मनाई केली. स्टेशनमास्तर भेटायला आले तेव्हा म्हणाले, गार्ड उभा केला असता तर हे झालं नसतं. मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग केलं.

रोपांना पाणी तर घालायला हवं. आमच्या रस्त्यावरचा पंप दुरुस्त करणारा दर गुरुवारी त्या बाजूला जायचा. त्याच्या गाडीतून बायको जाऊ लागली; चढावरच्या रोपांना तो वरून पाणी सोडायचा, खालच्यांना ती घालायची. सकाळी जायची, दुपार टळल्यावर यायची. जिन्याच्या वळणावळणांवर तिची पिशवी टेकल्याचा आवाज मला आत ऐकू यायचा. मी रजिस्टर उघडून तयार असायचो.

"सगळी आहेत?"

"आहेत."

मी तारीख घालून 'आहेत' असं लिहायचो. परत आल्यावर ती गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी लावून बसायची. मी एकदा म्हटलं, पाणी घालायला इतका वेळ कसा लागतो? ती म्हणाली, झाडं काय पळत येतात का आपल्याकडे.

वर्षभराने माझा पाय सुटला. पण सपाटीवरच्या भागात रोपांभोवती पाण्याची आळी करून ठेवलेली, ओल असायची, पाय घसरायचा. म्हणून मी जायचो तेव्हा पंपवाला मला कच्च्या रस्त्याने वरच्या अंगाला सोडायचा. चढावर उभं राहून मी खालची रोपं बघायचो. हिरवीगार दिसायची. अभिमान वाटायचा. वर मात्र काहीतरी बिनसलं होतं. रोपं कमरेएवढी झाली की वाकडी व्हायची, वाळायची, वाऱ्याने मोडून पडायची. मोडायची तीही नेमकी बिल्ल्याच्या जागी. मी नोंद केली, 'चढावर वाऱ्याचा जोर.' मग सरकारला एक पत्र लिहिलं की वाऱ्याची दखल घ्यावी. उत्तर आलं की वारा ह्या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी वरच्या अंगाला एकही रोप उभं नव्हतं. एकशे साठ गेली. मी रजिस्टरात एकेकापुढे लाल रेघ मारली. खालच्या भागात चारशे चाळीस, आणि हवी होती चारशे वीस. म्हणजे वीसच्या वर एक जरी गेलं असतं तरी गुदामवाला. मला रात्रीचं जेवण जाईना. बायको जेवत होती. मला वाटलं, हिला काय, हिचं दोन्हीकडून बरंच आहे. जंगल बसलं तर बसलं, नाही तर एका पायरीचं घर. असं मनात आलं ह्याची आज लाज वाटते.

मोजणीचा दिवस आला. मोजणी करायला आलेल्या बाई तिशीच्या, पायात जाड बूट, बोलणं मोजकं. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बायको सोबत होती, म्हणाली, मीही येते. पंपवाल्याने पहिल्यांदाच मलाही खालच्या बाजूला सोडलं.

तीन वर्षांनी मी खालच्या भागात पाय ठेवला. झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली होती. खाली गार होतं, वाळकी पानं पायाखाली मऊ लागत होती, आणि आत कुठेतरी पाखरं भांडत होती. मी मोजणीबाईंना म्हटलं, हा अनुक्रमांक एक. आणि बिल्ला दाखवायला हात पुढे केला.

बिल्ला नव्हता.

दोन नंबरच्या झाडाला नव्हता. तीनच्या नव्हता. मी अक्षरशः धावलो, घोट्याची पर्वा न करता. एकाही खोडाला तार नव्हती. चारशे चाळीस क्रमांक, चौतीस वर्षांची नोकरी, निरोपसमारंभातलं भाषण, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. कुणीतरी पत्रा चोरला असणार. मी बाईंना तसं सांगितलं. त्यांनी रजिस्टर मिटलं, फार हळू मिटलं, आणि म्हणाल्या, "काका, झाडं दिसतायत मला. पण क्रमांक दाखवता आला नाही तर ही तुम्ही लावलेलीच आहेत, असं मी कसं लिहू?"

बाईंचं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं, आणि इतक्या हळूही म्हटलं नसतं. मी बायकोकडे पाहिलं. म्हटलं, "संपलं. उद्या गुदामवाल्याला निरोप देतो."

तिने पिशवी झाडाला टेकवली. एक हात खोडावर ठेवला, दुसरा गुडघ्यावर, आणि ती हळूहळू, तोंड आवळून, खाली बसली. झाडाच्या बुंध्याशी एक चपटा दगड होता. तिने तो उचलला. खाली बिल्ला होता. पुसून तिने तो बाईंच्या हातात दिला.

"एक," मोजणीबाई म्हणाल्या.

बायको झाडाला धरून उठली. दुसऱ्या झाडाशी पुन्हा तशीच बसायला लागली तेव्हा बाईंनी तिला थांबवलं आणि स्वतः दगड उचलला. दोन. पुढच्याखाली तीन. एकही क्रमांक इकडचा तिकडे झालेला नव्हता.

मी म्हटलं, "हे कधी केलंस?"

"गुरुवारी. दहा-बारा व्हायची एका वेळी."

"पण का?"

"पहिल्याच वर्षी खोडं फुगायला लागली होती. तार सालीत रुतत होती. नेलकटरने तोडत गेले. वर चढ होता, तिथं मला जाता आलं नाही. तुम्हाला चढावरची तरी वाचवा म्हणून सांगायला हवं होतं, ते नाही सांगितलं. ते माझं चुकलं."

"सांगितलं का नाहीस?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही बांधून बांधून हात सोलून घेतले होते. आणि क्रमांक गेले असते तर तुम्ही झोपला नसता. म्हणून ज्याचा त्याच्यापाशी ठेवला."

मोजणीबाई हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या की नियमात तर क्रमांक रोपापाशी असावा एवढंच आहे, बांधा असं कुठे आहे? मी परिपत्रक खिशातून काढलं. ते वाक्य मी तीन वर्षांत कमीत कमी दोनशे वेळा वाचलं होतं, चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवलं होतं. 'बांधावा' हा शब्द त्यात नव्हता. तार माझी होती. वाऱ्याची काही चूक नव्हती. वरची एकशे साठ झाडं मी एकेक करून, तीन वेढे देऊन, पीळ घालून मारली होती आणि प्रत्येकाची नोंद ठेवली होती.

झाडं चारशे सदतीस भरली. बाईंनी कागद पुढे केला, जमीन वीस वर्षं जंगलासाठी ठेवण्याच्या हमीचा, आणि सहीची जागा दाखवली. मी पेन उघडलं आणि माझा हात थांबला. मला हिशेब जरा उशिरा लागतो, पण लागतो. एकेका झाडाशी ती बसली होती आणि उठली होती. चारशे सदतीस वेळा. ह्या गुडघ्यांवर. आणि तिने काही केलं नसतं, नुसती पाणी घालून परत आली असती, तर तारेने आपलं काम केलं असतं आणि एका पायरीचं घर तिचं होतं. ह्या सहीने ते जात होतं.

मी पेन बंद केलं. तिला बाजूला घेऊन म्हटलं, "सही करत नाही. आपण विकू. तू तीन वर्षं दिली होतीस, शब्द म्हणजे शब्द."

"जंगल बसलं तर बसलं, असाही शब्द होता," ती म्हणाली. "बसलंय. करा सही. पंपवाला खोळंबलाय."

"आणि पायऱ्या?"

ती वर बघत होती, पानांकडे. "मरत होती हो ती," म्हणाली. "मला बघवेना."

मी सही केली. अक्षर वाईट आलं. तेवढी एकच सही माझ्या आयुष्यात रेघेबाहेर गेलेली आहे.

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सवयीप्रमाणे मी पुढे होऊन चोपन्न पायऱ्या चढलो, दार उघडलं आणि वाट बघत उभा राहिलो. खाली पहिल्या वळणावर पिशवी टेकल्याचा आवाज आला. मी पितळी पाटीकडे पाहिलं. मग आत जाऊन पक्कड आणली, तीच. पाटीचे चारही स्क्रू गंजले होते, त्यातला एक तुटला. पाटी बगलेत मारून मी खाली निघालो.

बायको पहिल्याच वळणावर कठडा धरून उभी होती. माझ्या बगलेतली पाटी बघून तिने भुवया वर केल्या.

"कुठे निघालात?"

"घड्याळजींकडे," मी म्हटलं. "त्यांना वर उजेड हवाय. तू आता वर येऊ नकोस."

तिने पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग हात पुढे करून म्हणाली, "द्या ती इकडे. आणि ऐका, खाली लावाल तेव्हा स्क्रू फार आवळू नका."

मी पिशवी घेतली आणि आम्ही सावकाश खाली उतरलो. घड्याळजींचं दार बंद होतं. मी वाजवलं. आतून ते म्हणाले, घड्याळ अजून तयार नाही, परवा या. मी म्हटलं, घड्याळाचं नाही, घराचं काम आहे, आम्ही थांबतो.